कंठ फुटण्याआधी

मराठीत ‘कंठ फुटणे’ या वाक्प्रचाराला दोन अर्थ आहेत. मुलगा वयात येऊ लागला, त्याचा आवाज घोगरा आणि जाड झाला, की त्याला कंठ फुटला असे आपण म्हणतो. आणि जो आजवर गप्प होता तो बोलू-गाऊ लागला की त्यालाही कंठच फुटतो. पहिल्या अर्थाने एक आवाज जातो, दुसऱ्या अर्थाने एक आवाज येतो. बालगायकांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे काही गुंततात की नेमके काय गेले आणि काय आले हे ऐकणाऱ्यांना कळेनासे होते. शार्लट चर्च या वेल्श गायिकेची १९९७ ते २००२ ही सुरुवातीची वर्षे मला या वाक्प्रचाराच्या उजेडात पाहायची आहेत. संगीताच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे असा माझा दावा नाही. परंतु ‘निरागस आवाज’ नावाची कल्पना कशी घडवली जाते, विकली जाते आणि शेवटी कुणाकडून वसूल केली जाते, हे तिच्या उदाहरणात जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

तिचा जन्म २१ फेब्रुवारी १९८६ रोजी कार्डिफच्या लँडाफ भागात झाला. अकरा वर्षांची असताना, १९९७ साली, ‘धिस मॉर्निंग’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने टेलिफोनवरून एक गाणे म्हटले. साध्या टेलिफोनची तार माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचवते. खालचा भरीवपणा आणि वरची चकाकी वाटेतच गळून पडते. अशा चिरक्या वाटेने आलेला, चेहरा नसलेला तो आवाज लोकांच्या कानात राहिला. पाठोपाठ आयटीव्हीवरील ‘बिग बिग टॅलेंट शो’मध्ये ती दिसली, कार्डिफ आर्म्स पार्क आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायली, जोनाथन शॅलिट हा व्यवस्थापक लाभला आणि सोनी कंपनीशी करार झाला. ‘व्हॉइस ऑफ अ‍ॅन एंजल’ हा पहिला अल्बम १९९८ साली आला तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्याच्या लाखो प्रती जगभर खपल्या. ब्रिटनच्या क्लासिकल क्रॉसओव्हर यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ती सर्वांत लहान वयाची कलावंत ठरली.

फोनवर गायलेले ते गाणे म्हणजे ‘पिए येसू’. त्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या लॅटिन प्रार्थनेच्या शेवटच्या दोन ओळी एवढीच त्याची संहिता आहे: येशूने करुणा करावी आणि गेलेल्यांना विश्रांती द्यावी. गाब्रिएल फोरे याने आपल्या ‘रेक्विएम’मध्ये या ओळी एकट्या उंच आवाजाला दिल्या. अँड्र्यू लॉइड वेबर यांनी १९८५ सालच्या आपल्या ‘रेक्विएम’मध्ये त्यांना जी चाल लावली ती सारा ब्राइटमन आणि पॉल माइल्स-किंग्स्टन नावाचा मुलगा अशा दोघांनी मिळून गायली, आणि ती चक्क लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. वेबर हे ‘कॅट्स’ आणि ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’सारख्या संगीतिकांचे रचनाकार, त्यांनी अंत्यविधीच्या प्रार्थनेला लावलेली चाल बाजारात खपली, हीच मुळात क्रॉसओव्हरची पहिली पायरी होती. शार्लटने निवडलेली कृती म्हणजे ‘अभिजात’ परंपरेतली जुनी चीज नव्हे. तिच्या जन्माच्या जेमतेम वर्षभर आधी रचलेले ते गाणे होते. जुनी होती ती फक्त भाषा. लॅटिनचे कवच असल्यामुळे ते ऐकणाऱ्याला प्राचीन वाटे, आणि मृत्यूविषयीचे शब्द लहान मुलीच्या तोंडून येत असूनही कुणाला खटकत नसत, कारण ते बहुतेकांना कळतच नसत. अर्थाशिवाय पावित्र्य मिळवण्याची ही सोय पुढच्या सगळ्या बाल-क्रॉसओव्हर गायकांनी वापरली. २०१० साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये दहा वर्षांची जॅकी इव्हँको पुढे आली, तेव्हा तिच्याही गाण्यांत हेच ‘पिए येसू’ होते.

आता ‘एंजल’, देवदूत. हा शब्द सोनीच्या जाहिरात विभागाला सहज सुचला असेल, पण त्याची वंशावळ लांब आहे. स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे, हे करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातले संत पौलाचे वचन प्रमाण मानून चर्चच्या गायकवृंदातून स्त्रियांना शतकानुशतके दूर ठेवले गेले. उंच पट्टीचा आवाज तर हवा होता. मग तो मुलग्यांकडून घेतला गेला, आणि इटलीत त्याहून क्रूर मार्गाने, मुलग्यांना खच्ची करून. सिस्टीन चॅपेलमधला अशा गायकांपैकी शेवटचा, अलेस्सांद्रो मोरेस्की, याला ‘रोमचा देवदूत’ म्हणत. त्याच्या आवाजाच्या तबकड्या ग्रामोफोन कंपनीने १९०२ आणि १९०४ साली उतरवून घेतल्या. त्या कंपनीचे बोधचिन्ह कोणते होते? तबकडीवर लेखणीने खोदत बसलेला देवदूत! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या तबकड्या निघाल्या त्यांवरही तोच देवदूत होता. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा नंतर आला. ध्वनिमुद्रणाच्या धंद्याने अगदी जन्मापासून आपल्या मालावर देवदूत छापला आहे, हे लक्षात ठेवावे.

इंग्लंडमध्ये ही परंपरा मुलग्यांच्या ‘ट्रेबल’ आवाजाने चालवली. १९२७ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये अर्नेस्ट लाफ या मुलाच्या आवाजात मेंडेल्सझोनची एक प्रार्थना मुद्रित झाली आणि तिचा खप पुढची कित्येक दशके चालू राहिला. १९८५ साली वेल्सच्याच अ‍ॅलेड जोन्सचे ‘वॉकिंग इन द एअर’ घरोघरी पोचले. सॉल्झबरी कॅथीड्रलने मुलींचा स्वतंत्र गायकवृंद सुरू केला तो १९९१ साली, म्हणजे शार्लट पाच वर्षांची असताना. तोवर त्या व्यवस्थेत ‘देवदूताचा आवाज’ हा मुलग्याचाच असे.

मुलग्याच्या त्या आवाजाला निसर्गानेच मुदत घालून दिलेली होती. चौदा-पंधराव्या वर्षी कंठ फुटला की गाणे संपले. लाफचे असेच झाले, जोन्सचेही. ऐकणाऱ्यांना ते माहीत असे, किंबहुना त्या आवाजातल्या करुणेचा अर्धा वाटा या माहितीचाच असे. जोन्स पुढे निवेदक झाला, पुरुषी आवाजात पुन्हा गाऊ लागला. त्याने आपला विश्वासघात केला असे कुणाला वाटले नाही. आवाज गेला त्यात मुलाचा काय दोष? मुलीचे तसे नसते. तिचाही आवाज वयात येताना बदलतो, काही काळ श्वासमिश्रित आणि अस्थिर होतो, पुढे भरदार होतो, पण तो एका दिवशी तुटत नाही. मुलीला देवदूत केले तेव्हा कंपनीला अशी सोय मिळाली की या देवदूताला मुदत नव्हती. आणि मुलीला मिळाली ती अडचण ही की ती मोठी झाली तर तो तिचाच गुन्हा ठरणार होता. माझ्या मते शार्लट चर्चच्या पुढच्या सगळ्या कहाणीचे मूळ इथे आहे.

आणखी एक गोष्ट, जी तेव्हाच्या कौतुकात आणि टीकेतही निसटलेली दिसते. तो पहिला अल्बम आज शांतपणे ऐकला तर तिचा आवाज त्या जुन्या अर्थाने देवदूताचा वाटतच नाही. इंग्लिश ट्रेबलचा आवाज सरळ, थंड, काचेसारखा असतो. शार्लटच्या आवाजाला बाराव्या वर्षीही एक जाडी आहे, स्वरांच्या शेवटी कंप आहे, आणि खालच्या स्वरांत कार्डिफच्या रस्त्यावरचा ठसकाही आहे. ‘सुओ गान’ या वेल्श अंगाईत ती सर्वांत मोकळी वाटते. लॅटिन रचनांत मोठ्या बायकांची नक्कल अधूनमधून डोकावते. तो आवाज लहान वयाच्या एका तयार गायिकेचा होता, आणि तिला नाव दिले गेले ते दुसऱ्याच कुणाचे. (वेष्टनावरचे शीर्षक ऐकण्यावर किती राज्य करते, हे कवितासंग्रहांच्या प्रस्तावना वाचून कविता वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.)

अर्थात हे सगळे घडायला बाजार तयार होता. १९८९ साली नायजेल केनेडीने विवाल्डीचे ‘फोर सीझन्स’ पॉप गाण्यांच्या थाटात विकून दाखवले. १९९० साली विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास रोममध्ये एकत्र गायले. १९९२ च्या सप्टेंबरात ‘क्लासिक एफएम’ हे व्यापारी नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि अभिजात संगीताचे तुकडे दिवसभर ऐकवू लागले. मग व्हॅनेसा-मे आली, आंद्रेआ बोचेल्ली आला. ‘क्लासिकल क्रॉसओव्हर’ ही संज्ञा संगीतशास्त्राने दिलेली नाही, ती विक्रीच्या याद्यांमधून आली आहे. कोणत्या कप्प्यात ठेवावे हे दुकानदाराला कळत नव्हते, म्हणून केलेला तो तिसरा कप्पा. आपल्याकडे नाट्यसंगीताने रागदारी, लावणी, कीर्तन, कर्नाटकी चाली यांची सरमिसळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली. तिला असा वेगळा कप्पा लागला नाही, कारण ती चाल रंगमंचावर एका पात्राच्या तोंडी असे, तिला प्रसंग असे. क्रॉसओव्हरचा खरा दोष संकराचा नाहीच. त्यातली गाणी प्रसंगापासून तोडलेली असतात, हा तो दोष आहे. अंगाई, अंत्यप्रार्थना आणि ‘डॅनी बॉय’ एका तबकडीवर शेजारी बसतात आणि तिन्हींचा भाव एकच होतो: सुंदर.

इथे कुमार गंधर्वांची आठवण अटळ आहे. शिवपुत्र कोमकळी हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी, आणि लहानपणीच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. पण पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याला जे मिळाले ते नक्कल विसरायला लागणारा वेळ आणि जागा. पदवीतला ‘कुमार’ आयुष्यभर चिकटून राहिला, जसा नारायणराव राजहंसांना ‘बाल’ चिकटला. पण साठीतल्या कुमारांनी बाळपणीसारखे गावे अशी मागणी कुणी केली नाही. तुलना फार ताणू नये. दोन संगीतव्यवस्था वेगळ्या, काळ वेगळे. परंतु एकीकडे गुरू होता आणि दुसरीकडे करार, एवढा फरक नोंदवायलाच हवा.

त्या कराराभोवतीची माणसेही लवकरच बदलली. २००० च्या सुरुवातीला शॅलिटला दूर करण्यात आले; त्याने दावा लावला आणि न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मधल्या काळात शार्लट पोपसमोर गायली, राणीसमोर गायली, अमेरिकेत दौरे झाले. २००० साली क्लासिकल ब्रिट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी तिला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश कलावंताचा मान मिळाला. आत्मचरित्रही किशोरवयातच निघाले. ज्या वयात रोजनिशी लपवून ठेवायची त्या वयात ती छापली जावी, हा प्रकार चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी जरूर पाहावा.

जून १९९९ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका नौकेवर रुपर्ट मरडॉक यांचे लग्न झाले. तेरा वर्षांची शार्लट तिथे गायली, आणि गायली ते पुन्हा ‘पिए येसू’. अंत्यविधीचे गाणे लग्नात! निवड यजमानांकडून आली होती असे तिने पुढे सांगितले. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे नोव्हेंबर २०११ मध्ये तिने साक्ष दिली. त्या गाण्याच्या मोबदल्यात एक लाख पौंड किंवा मरडॉक यांच्या वृत्तपत्रांतून अनुकूल प्रसिद्धी असे दोन पर्याय आपल्यापुढे ठेवले होते; मला पैसे हवे होते, पण मोठ्यांनी प्रसिद्धी घेण्याचा सल्ला दिला, असा त्या साक्षीचा आशय होता. मरडॉक यांच्या बाजूने हे नाकारण्यात आले. तिच्या सोळाव्या वाढदिवसाला किती दिवस उरले हे मोजणारे एक घड्याळ वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर लावले होते, असेही तिने सांगितले. ते आपले नव्हते, असे संबंधित वृत्तपत्राचे म्हणणे पडले. ब्रिटनमध्ये संमतिवय सोळा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मोजणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मुलग्याच्या बाबतीत जे काम निसर्ग करतो ते या मुलीच्या बाबतीत टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी आपल्याकडे घेतले. ‘देवदूत’ हा शब्द त्यांना फार उपयोगी पडला, कारण देवदूताचे पतनही होते, आणि पतनाची बातमी स्तोत्रापेक्षा जास्त खपते. सिगरेट, मित्र, आईशी भांडण, म्हणजे कार्डिफमधल्या कोणत्याही सोळा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात घडेल ते सगळे, मथळा झाले. ती बातमी कशी मिळत होती हे नंतर उघड झाले. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधील तेहेतीस लेख तिच्या आणि कुटुंबीयांच्या व्हॉइसमेलमध्ये चोरून डोकावून लिहिले गेले होते, असे तिच्या दाव्यात म्हटले होते. ते साप्ताहिक २०११ साली बंद पडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच्या मालक कंपनीने तिची व आईवडिलांची माफी मागून दाव्याच्या खर्चासह सहा लाख पौंड दिले. टेलिफोनच्या ज्या तारेवरून तिचा आवाज पहिल्यांदा जगात गेला, त्याच वाटेने जग तिच्या घरात शिरले. ही कल्पना कादंबरीकाराने केली असती तर आपण तिला ओढूनताणून जुळवलेली म्हटले असते.

आणि गाणे? ते हळूहळू सरकत होते. १९९९ च्या दुसऱ्या अल्बममधले ‘जस्ट वेव्ह हॅलो’ फोर्ड मोटार कंपनीच्या सहस्रकाच्या जाहिरातीचे गाणे झाले. २००० साली नाताळगीतांचा ‘ड्रीम अ ड्रीम’ आला. त्याच्या शीर्षकगीताची चाल फोरेच्या ‘पाव्हान’वरून घेतलेली, पण थाट पॉपचा. २००१ च्या ‘एन्चांटमेंट’मध्ये ब्रॉडवेची गाणी वाढली. त्याच वर्षी ‘अ ब्यूटिफुल माइंड’ या चित्रपटासाठी जेम्स हॉर्नर यांनी तिचा आवाज घेतला. पार्श्वसंगीतात तो शब्दांविना, वाद्यासारखा वावरतो, आणि मला तरी तिच्या या कालखंडातले ते सर्वांत चांगले काम वाटते. शब्द नाहीत, म्हणून पावित्र्याचे ओझे नाही. शीर्षकात ती नाही, म्हणून देवदूतही नाही. पंधरा वर्षांचा एक आवाज आपल्या बदलत्या पोतासह ऐकू येतो, एवढेच. याच वाटेवर तिला अधिक काळ चालता आले असते तर काय झाले असते, असा प्रश्न मनात येतो. पण त्यासाठी जो निवांतपणा लागतो तो तिच्या वेळापत्रकात कुठेच नव्हता. पुढे २००५ साली ‘टिश्यूज अँड इश्यूज’ हा निव्वळ पॉप अल्बम तिने काढला. पवित्र गाणाऱ्या मुलीने हे काय केले, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. मला त्या अल्बममधली गाणी विशेष आवडत नाहीत, पण ती तिने निवडलेली होती, याला महत्त्व द्यावेसे वाटते. २०१३ साली बीबीसीच्या जॉन पील व्याख्यानात ती संगीत उद्योगातल्या स्त्रियांच्या चित्रणाविषयी बोलली तेव्हा तिच्या वाक्यांना धार होती. दुसऱ्या अर्थाने कंठ फुटला तो तिथे.

या अभिजात कालखंडाचा शेवट मात्र २००२ मध्ये झाला. त्या वर्षी ‘प्रिल्यूड’ नावाचा निवडक गाण्यांचा संग्रह निघाला. प्रारंभिका, पूर्वरंग असा अर्थ असलेले नाव समारोपाला देण्यात कुणाची तरी शहाणी थट्टा असावी. आणि वर्षअखेरीस ‘रॉयल ख्रिसमस’ नावाचा अमेरिकेतला दौरा झाला. त्यात शार्लटबरोबर ख्रिस्तोफर प्लमर होते आणि ज्यूली अँड्र्यूज होत्या. ‘साउंड ऑफ म्यूझिक’मुळे त्या आपल्याकडेही घरातल्या वाटतात, पण त्यांची सुरुवात कुठे झाली हे फारसे सांगितले जात नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये, लंडनच्या हिपोड्रोममध्ये, बारा वर्षांच्या ज्यूलीने ‘मिन्यों’ या ऑपेरातली एक अवघड आरिया गायली होती आणि लोक त्या एवढ्याशा मुलीच्या गळ्याने थक्क झाले होते. पुढे त्यांना पन्नास वर्षे गाता आले. १९९७ साली, म्हणजे कार्डिफच्या मुलीने फोन उचलला त्याच वर्षी, घशावरच्या एका शस्त्रक्रियेत त्यांचा गाण्याचा आवाज गेला. नाताळच्या त्या दौऱ्यात सदुसष्ट वर्षांच्या ज्यूली अँड्र्यूज एका बाजूला होत्या, आणि दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांची शार्लट आपल्या शेवटच्या अभिजात मैफली गात होती.